चित्रकलेच्या वहीतला डोंगर

वार्षिक परीक्षा आटोपली की तुमची चित्रकलेची वही कुठे जाते? गणिताची वही धाकट्या भावंडाला उपयोगी पडेल म्हणून ठेवली जाते, चित्रकलेची मात्र बहुधा रद्दीत. यंदा तसे करण्यापूर्वी ती एकदा उघडा आणि प्रत्येक चित्राला एकच प्रश्न विचारा : हे मी पाहून काढले, की असेच असणार असे समजून काढले?

हा प्रश्न मला शिकवला तो आमच्या शेजारच्या, आठवीतल्या एका मुलीने. आम्ही सावंतवाडीत राहतो. एलिमेंटरीच्या परीक्षेची तयारी म्हणून तिने वर्षभर पुष्कळ चित्रे काढली होती. (कला संचालनालयाच्या या परीक्षेत स्थिरचित्र असते, स्मरणचित्र असते, हे तुमच्यापैकी अनेकांना ठाऊक असेल.) वही चाळता चाळता मी मोती तलावाच्या चित्रापाशी थांबलो. पलीकडच्या काठावर झाडे, झाडांच्या मागे डोंगर. खाली पाण्यात झाडांची उलटी प्रतिबिंबे अगदी नीट काढलेली. पण डोंगराचे प्रतिबिंबच नाही!

"अगं, पाण्यातला डोंगर विसरलीस की," मी म्हणालो.

"थंय दिसाकच नाय, काका," ती म्हणाली.

मी महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवतो. प्रकाशाचे परावर्तन हा विषय किती वर्षे शिकवला, याची गणतीही ठेवलेली नाही. त्या भरात मी पेन्सिल घेऊन तिच्या चित्रात पाण्यात एक फिकट डोंगर काढून दिला. ती काही बोलली नाही. पण तिचा चेहरा उतरलेला मला दिसला आणि रात्री तो राहून राहून आठवू लागला. दुसऱ्या दिवशी पहाटे वारा पडलेला असताना मी तलावावर गेलो. कठड्याशी उभे राहून पाहतो तो काय, वर डोंगर स्वच्छ दिसत होता आणि पाण्यात नुसती झाडे!

असे का व्हावे? पाठ्यपुस्तकातले नियम चुकलेले नव्हते, मीच ते अर्धवट वापरले होते. आरशातली प्रतिमा आरशामागे, वस्तू आरशापुढे असते तेवढ्याच अंतरावर असते, हे तुम्ही शिकला आहात. तलावाचे शांत पाणी म्हणजे आडवा ठेवलेला आरसा. म्हणजे पाण्याच्या पातळीपासून झाडाचा शेंडा जितका उंच, तितकीच त्याची प्रतिमा पातळीखाली. इथवर सगळे ठीक. मात्र आपला डोळा काही पाण्याच्या पातळीत नसतो, तो तिच्यावर असतो. सगळी गंमत इथेच आहे.

आता थोडे गणित करू. आकडे सोयीसाठी घेतले आहेत, तलावाचे मोजमाप म्हणून नव्हेत. समजा, तुमचा डोळा पाण्यापासून ३ मीटर उंच आहे. समोरचे झाड १०० मीटर दूर असून त्याचा शेंडा पाण्यापासून ८ मीटर उंच आहे. डोंगर १ किलोमीटर दूर असून त्याचा माथा पाण्यापासून ९३ मीटर उंच आहे. झाडापाशी एक भलीमोठी काच उभी आहे अशी कल्पना करा आणि जे दिसते ते त्या काचेवर रेखाटा. झाडाचा शेंडा डोळ्याच्या पातळीच्या ८ − ३ = ५ मीटर वर येईल. डोंगराचा माथा डोळ्यापेक्षा ९० मीटर उंच आहे, पण दहापट लांब असल्यामुळे काचेवर तो ९ मीटरांवरच येईल. ९ हे ५ पेक्षा जास्त, म्हणून डोंगर झाडावरून डोकावतो.

आता प्रतिबिंब पाहा. झाडाच्या शेंड्याची प्रतिमा पाण्याखाली ८ मीटर, म्हणजे डोळ्याच्या पातळीखाली ८ + ३ = ११ मीटर. डोंगरमाथ्याची प्रतिमा डोळ्याखाली ९३ + ३ = ९६ मीटर; काचेवर तिचा दशांश, म्हणजे ९.६ मीटर. म्हणजे पाण्यात झाडच डोंगरापेक्षा लांब! डोंगर पूर्णपणे त्याच्या प्रतिबिंबामागे दडतो. वर वजाबाकी करायची आणि खाली बेरीज, एवढाच फरक. तो जवळच्या वस्तूला पुरता जाणवतो आणि दूरच्या वस्तूला दशांशच. दुसऱ्या शब्दांत सांगायचे तर, पाण्यातले दृश्य म्हणजे वरच्या दृश्याची उलटी नक्कल नव्हेच. तुमचा डोळा पाण्याखाली ३ मीटरांवर असता तर त्याला वरचे जग जसे दिसले असते, तेच दृश्य ते, फक्त उलटे. आणि खालून पाहणाऱ्याला जवळचे झाड मागच्या डोंगराला झाकणारच.

मनातली ही काच मी काही नवी उभी केलेली नाही. इटलीत आल्बेर्ती नावाच्या विद्वानाने १४३५ साली चित्रकलेवर ग्रंथ लिहिला. त्यात त्याने चित्राच्या चौकटीला उघड्या खिडकीची उपमा दिली आहे. यथादर्शनाचे, म्हणजे दूरच्या वस्तू लहान आणि जवळच्या मोठ्या दाखवण्याचे नियम त्याने त्यात मांडले. ते सगळे आपल्या समरूप त्रिकोणांवर उभे आहेत. मात्र सगळ्याच चित्रांना हे नियम लावू नयेत. आमच्या गावच्या दशावतारी गंजिफांचे १२० गोल पत्ते पाहा. त्यांत दूर-जवळ दाखवण्याचा खटाटोप नाही आणि त्याची गरजही नाही; खेळताना हातातला पत्ता चटकन ओळखू आला म्हणजे झाले.

तोच गंजिफाचा पत्ता, किंवा एखादा गोल पुठ्ठा, डोळ्यांसमोर आडवा धरून हळूहळू खाली न्या. डोळ्याच्या पातळीत ती नुसती रेघ असते, मग निमुळते लंबवर्तुळ, मग फुगत फुगत गोल. स्थिरचित्रात इथेच बहुतेकांचे गुण जातात. डब्याचे तोंड लंबवर्तुळाकार काढायचे आणि तळ मात्र सरळ रेघेने, कारण डबा टेबलावर सपाट टेकला आहे हे आपल्याला 'माहीत' असते! वास्तविक तळाची कड तोंडापेक्षा जास्त वाकडी दिसते. समजा, डोळा तोंडापेक्षा ३० सेंटिमीटर उंच आणि तोंडापासून १ मीटर दूर आहे. मग लंबवर्तुळाची उंची रुंदीच्या सुमारे ०.३ पट दिसेल (३० भागिले १००). डबा २५ सेंटिमीटर उंच असेल तर तळ डोळ्याच्या ५५ सेंटिमीटर खाली आणि सुमारे ११० सेंटिमीटर दूर येतो. तिथे हे गुणोत्तर ०.५ होते. वहीतले डबे, बादल्या, तांबे पट्टीने मोजून पाहा. माझ्या शाळकरी वहीतली एकही बादली या परीक्षेत उतरणार नाही.

पाण्याच्या रंगाचेही तसेच. आपण तलाव काठापासून काठापर्यंत एकाच निळ्याने रंगवतो. पायाजवळच्या पाण्यात सरळ खाली पाहिले, तर पृष्ठभागावरून जेमतेम २ टक्के प्रकाश परावर्तित होतो. म्हणून तिथे पाण्याचा आपला गढूळ-हिरवा रंग दिसतो. दृष्टिरेषा पृष्ठभागाशी १० अंशांचा कोन करते तिथे हेच प्रमाण सुमारे ३५ टक्क्यांवर जाते, आणि पलीकडचे पाणी आभाळासारखे चकाकते.

त्या सकाळी मी घरी परतलो तो खोडरबर घेऊनच शेजारी गेलो. माझा डोंगर पुसला, वरची आकडेमोड तिला करून दाखवली. तिने ती शांतपणे ऐकली आणि विचारले, "काका, आणि मी खाली पायरीवर बसले तर?"

डोळा पाण्यापासून १ मीटरवर आणा आणि गणित पुन्हा करा. पाण्यात झाड ८ + १ = ९ मीटर. डोंगर ९३ + १ = ९४, त्याचा दशांश ९.४. म्हणजे डोंगराचा माथा झाडाच्या प्रतिबिंबापलीकडे किंचित डोकावला पाहिजे! पुढच्या रविवारी आम्ही दोघे तलावावर गेलो; मी कठड्याशी उभा, ती शेवटच्या पायरीवर वही मांडीवर घेऊन. सात वाजता वारा सुटला आणि प्रतिबिंबे मोडली, पण तोवर तिच्या कागदावर पाण्यात डोंगराचे टोक उतरले होते.

तुमच्या गावी तलाव नसेल तर टेबलावर आरसा आडवा ठेवा. त्याच्या पलीकडच्या कडेला पेला आणि त्याच्या मागे हातभर अंतरावर उंच बाटली उभी करा. मग डोळा वर-खाली करत बाटलीचे बूच आरशात केव्हा दिसते आणि केव्हा नाहीसे होते ते पाहा. दोन्ही जागांवरून चित्र काढायला विसरू नका.