वॉचमनच्या अंगावर काय आहे?



२२ ऑक्टोबर २०२१ रोजी दुपारी बाराच्या सुमारास करी रोडच्या वन अविघ्न पार्क या उंच इमारतीत एकोणिसाव्या मजल्यावर आग लागली. ते कळताच इमारतीचा एक सुरक्षारक्षक वर गेला आणि तिथे अडकला. जीव वाचवण्यासाठी तो बाल्कनीच्या कठड्याला लटकला. हात सुटला आणि तो खाली पडला. त्याला केईएम रुग्णालयात नेले, पण तो वाचला नाही. लालबाग-परळच्या अनेक घरांत ते दृश्य टीव्हीवर पाहिले गेले.

आपल्यापैकी बहुतेकांच्या इमारतीच्या दाराशी असा एक माणूस रात्रंदिवस बसलेला असतो. आग लागली, पाणी भरले, कोणी अनोळखी शिरला, तर आपण आधी त्यालाच हाक मारतो. त्याच्या अंगावर सहसा काय असते? पॉलिएस्टरचा गणवेश, टोपी, पातळ तळव्याचे बूट, एक शिट्टी आणि दंडुका. हा वेश तो वॉचमन आहे हे सांगतो, पण त्याचे रक्षण करत नाही. वॉचमनला, मंडळीतल्या स्वयंसेवकांना किंवा पुरात मदतीला जाणाऱ्या तरुणांना आपण साधने देतो, तेव्हा ती कशी निवडावीत याचा विचार या लेखात करू.

निवडण्याआधी तीन प्रश्न

दाविदाची गोष्ट आपल्याला लहानपणापासून ठाऊक आहे. शौल राजाने त्याला आपले चिलखत आणि टोप चढवला. दोन्ही उत्तम असणारच, पण दाविदाला त्यांची सवय नव्हती. त्याने ते उतरवून ठेवले आणि हाताला सरावाची असलेली गोफण घेतली. साधन चांगले असणे आणि ते त्या माणसाच्या कामाचे असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

म्हणून खरेदीआधी तीन प्रश्न विचारावेत. धोका कोणता आहे? ते कोणाच्या अंगावर बसायचे आहे? आणि ते कुठपर्यंत साथ देईल? तिसरा प्रश्न बहुतेक वेळा राहून जातो, आणि जीव तिथेच जातात.

आग आणि धूर

आगीजवळ कापडाचा प्रकार महत्त्वाचा असतो. पॉलिएस्टर आणि नायलॉन उष्णतेने वितळतात आणि कातडीला चिकटतात. सुती कापडही पेटते, पण वितळून चिकटत नाही. त्यामुळे वॉचमनचा गणवेश निवडणे सोसायटीच्या हाती असेल तर जाड सुती कापड घ्यावे. इस्त्री लवकर मोडेल, पण मुंबईच्या दमट हवेत त्याला तेच सुसह्यही होईल.

अग्निशमन दलाच्या जवानाचा पोशाख तीन थरांचा असतो. बाहेरचा थर ज्वाळा सोसणाऱ्या धाग्याचा, मधला पाणी व वाफ अडवणारा आणि आतला उष्णता रोखणारा. शिवाय पाठीवर हवेचे सिलिंडर असते. साधारण ६.८ लिटरच्या सिलिंडरमध्ये दाबाने सुमारे २,००० लिटर हवा मावते. जिने चढत, पाइप ओढत काम करणाऱ्याला ती जेमतेम अर्धा-पाऊण तास पुरते. हवा संपत आली की यंत्र शिट्टी वाजवते आणि जवानाला बाहेर यावे लागते.

हे सारे असूनही धोका उरतोच. ९ मे २०१५ रोजी काळबादेवीच्या गोकुळ निवास इमारतीला आग लागली आणि ती इमारत कोसळली. संजय राणे आणि महेंद्र देसाई हे अधिकारी तिथेच गेले. भाजलेले सुधीर अमीन आणि दलाचे प्रमुख सुनील नेसरीकर यांनी पुढच्या काही दिवसांत प्राण सोडले. ही दलातली अनुभवी माणसे होती. पण कोणताही पोशाख कोसळणारी इमारत पेलत नाही.

त्याआधी १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकिन हे जहाज पेटले. त्यात कापसाच्या गाठी आणि सुमारे १,४०० टन स्फोटके होती. जवान पाणी मारत असतानाच स्फोट झाला आणि दलाचे ६६ जण गेले. त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिलला देशभर अग्निशमन सेवा दिन पाळतात. आत काय भरले आहे ही माहिती हेसुद्धा एक साधनच आहे, असे ती घटना सांगते. आपल्या इमारतीचा मीटरबोर्ड कुठे, मुख्य स्विच कोणता, कोणत्या घरात अंथरुणाला खिळलेले माणूस आहे, हे लिहिलेला एक कागद वॉचमनच्या टेबलावर असावा. त्याला काहीच खर्च येत नाही.

धुराविषयी एक गैरसमज दूर करायला हवा. २९ डिसेंबर २०१७ च्या मध्यरात्रीनंतर लोअर परळच्या कमला मिल आवारात लागलेल्या आगीत १४ जणांचा बळी गेला. त्यांतले अनेक जण गुदमरून गेले. ओला रुमाल किंवा दवाखान्यातला मास्क काजळीचे काही कण अडवतो, पण कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू अडवत नाही. रुमाल नाकाला लावून बाहेर पडावे, आत शिरू नये. पावडरचे लहान अग्निशामक नळकांडेही पंधरा-वीस सेकंदांतच रिकामे होते. कचऱ्याचा डबा पेटला तर ते पुरेल, पेटलेल्या घराला नाही.

म्हणून वॉचमनला आपण स्पष्ट सांगायला हवे: “भाऊ, मोठी आग दिसली तर वर जायचे नाही. घंटा वाजवायची, १०१ ला फोन करायचा, लिफ्ट कोणाला वापरू द्यायची नाही आणि बंबाला वाट मोकळी करून द्यायची.” हे आधी सांगितले नाही, तर कर्तव्य समजून तो वर जाईलच.

पाणी

हिंदमाता, परळ, दादर या भागांत पावसाळ्यात पाणी भरणे नवे नाही. २९ ऑगस्ट २०१७ च्या पावसात पोटविकारतज्ज्ञ डॉ. दीपक अमरापूरकर एल्फिन्स्टन परिसरातून पाण्यातून चालत घरी निघाले होते. ते उघड्या मॅनहोलमध्ये पडले. दोन दिवसांनी त्यांचा मृतदेह वरळीला सापडला.

अशा पाण्यात सर्वांत उपयोगी साधन म्हणजे पाच-सहा फुटांची बांबूची काठी. प्रत्येक पावलाआधी काठीने जमीन चाचपावी आणि मगच पाय टाकावा. मदतीला जाणाऱ्यांनी एकेकटे न जाता दोरी धरून जोडीने जावे.

गमबूट घोट्यापर्यंतच्या किंवा फार तर पोटरीपर्यंतच्या पाण्यासाठी आहेत. त्याहून खोल पाण्यात ते आत भरतात, जड होतात आणि माणसाला खाली ओढतात. तिथे नाडीचे, घट्ट बसणारे बूट बरे. चप्पल मात्र कधीच नको. ती वाहून जाते आणि पायात काच किंवा खिळा घुसतो.

भरलेल्या पाण्यात उंदरांचे मूत्र मिसळलेले असते आणि जखमेवाटे लेप्टोस्पायरोसिस होतो. पायाला भेग असेल तर आधी ती झाकावी. पाण्यातून आल्यावर साबणाने पाय धुवावेत आणि ७२ तासांच्या आत डॉक्टरांच्या सल्ल्याने प्रतिबंधक औषध घ्यावे.

गिरगाव चौपाटीवर विसर्जनाच्या दिवसांत मदत करणाऱ्यांना वेगळा धोका असतो. उथळ पाण्यात पाकट आणि जेलीफिश येतात. महापालिका दरवर्षी अनवाणी पाण्यात न जाण्याची सूचना देते. तिथे गमबूट योग्यच. पाकटाचा काटा लागला तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात पाय बुडवावा आणि लगेच रुग्णालयात जावे. जेलीफिशचा डंख झाला तर चोळू नये.

गर्दी आणि रात्र

२९ सप्टेंबर २०१७ रोजी सकाळी परळ-एल्फिन्स्टन रोड स्थानकांच्या पुलावर चेंगराचेंगरी झाली आणि २३ जणांचे प्राण गेले. सण, सभा किंवा यात्रेत गर्दी सांभाळणाऱ्या स्वयंसेवकाच्या अंगावर ओढले जाईल असे काही नसावे. गळ्यात ओळखपत्राची न सुटणारी दोरी नको, खांद्याला लोंबणारी पिशवी नको, साडीचा किंवा ओढणीचा मोकळा पदर नको. शिट्टी मात्र प्रत्येकाकडे हवी. गोंगाटात माणसाचा आवाज पोहोचत नाही.

आपण ज्याला ‘रेडियमचे जॅकेट’ म्हणतो, त्यात दोन गोष्टी असतात. भडक पिवळे किंवा केशरी कापड दिवसा उठून दिसते. रात्री त्याचा उपयोग नसतो. तेव्हा चंदेरी पट्टी गाडीच्या दिव्याचा प्रकाश परत फेकते. पट्टी नसलेले स्वस्त जॅकेट घेऊन रात्रीच्या कामाला दिले तर पैसे वाया जातात. पट्टी पुढे, मागे आणि खांद्यावर असावी, आणि जॅकेट ओढल्यावर सुटणारे, वेल्क्रोचे असावे.

शस्त्राचा सामना

२६ नोव्हेंबर २००८ च्या त्या रात्री गिरगाव चौपाटीवर सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांच्या हाती लाठी होती. त्यांनी कसाबची रायफल धरून ठेवली, गोळ्या झेलल्या आणि तो जिवंत पकडला गेला. त्यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळाले. त्यांचे धैर्य आपण विसरणार नाही. पण धैर्य आहे म्हणून साधन नको, असा अर्थ त्यातून काढणे अन्यायाचे होईल.

बुलेटप्रूफ जॅकेटलाही मर्यादा आहेत. मऊ जॅकेट पिस्तुलाची गोळी अडवते. रायफलसाठी कठीण पट्टी लागते आणि वजन वाढते. मान, खांदे आणि हात बहुधा उघडेच राहतात. देशात या जॅकेटांसाठी आयएस १७०५१ हे मानक २०१८ मध्ये आले. सोसायटीच्या वॉचमनला असे जॅकेट द्यायची गरज नाही. शस्त्रधारी दिसला तर अडवू नका, दार लावा आणि पोलिसांना कळवा, एवढे सांगणे हेच त्याचे संरक्षण.

घेताना आणि देताना

नागदेवी स्ट्रीटवर अशा वस्तूंची अनेक दुकाने आहेत. घेताना हे पाहावे:

• हेल्मेटवर आयएसआय खूण आणि आयएस २९२५ हा क्रमांक. हनुवटीचा पट्टा हवाच. एकदा जोराचा मार बसलेले हेल्मेट तडा दिसला नाही तरी बदलावे.

• कामाच्या बुटांवर आयएस १५२९८. माप पायमोजे घालून, दिवसाच्या शेवटी घ्यावे. स्त्रियांना पुरुषांच्या मापाचे बूट देऊ नयेत. सैल बूट चिखलात अडकतो.

• काच व पत्र्यासाठी चामडी हातमोजे, घाण पाण्यासाठी लांब रबरी हातमोजे. घरगुती रबरी हातमोजे घालून विजेच्या तारेला हात लावू नये.

• डोक्याला बांधायची विजेरी. दोन्ही हात मोकळे राहतात.

पावसाळ्यात पाड्यांवर मदत घेऊन जाणाऱ्यांनाही हेच लागू आहे. रात्री बांधावरून चालताना विजेरी आणि गमबूट सापापासून वाचवतात. पण एकाच मापाचे पन्नास जोड पाठवले, तर निम्मे कोपऱ्यात पडून राहतील. आधी मापे मागवावीत, मग खरेदी करावी.

दिलेली वस्तू सांभाळण्याचे काम कोणा एकाकडे सोपवावे. महिन्यातून एकदा विजेरी पेटते का, बूट फाटले का, अग्निशामकाचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे का, हे पाहून वहीत लिहावे.

येत्या रविवारी उपासनेहून घरी परतताना दाराशी थोडे थांबा. वॉचमनदादांना त्यांच्या बुटाचे माप विचारा, रात्री कशाची भीती वाटते तेही विचारा. काय घ्यायचे हे त्यांच्या उत्तरातून आपल्याला कळेल.