पेंचच्या खोऱ्यातली झाडे: माथ्यापासून काठापर्यंत

नागपूरच्या नळांना येणारे बरेचसे पाणी पेंच नदीचे. छिंदवाडा जिल्ह्यात सातपुड्यात उगम पावणारी ही नदी तोतलाडोह आणि नवेगाव खैरी ही धरणे ओलांडून कन्हानला मिळते. कन्हान पुढे अंभोऱ्याजवळ वैनगंगेत जाते. पेंचच्या महाराष्ट्रातल्या जंगलाला 1975 साली राष्ट्रीय उद्यानाचा आणि 1999 साली व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला. वाघांची कीर्ती सर्वदूर गेली, पण इथली झाडे पाहणारे थोडेच.

चॅम्पियन आणि सेठ या वनशास्त्रज्ञांच्या 1968 च्या वर्गीकरणानुसार हे शुष्क पानझडीचे, सागाचे जंगल. मात्र एवढ्याने त्याची ओळख पुरी होत नाही. माथ्यावर मुरमाड, उथळ जमीन. पावसाचे पाणी तिथे थांबत नाही. अशा जागी सालई आणि पांढऱ्या सालीचा कांडोळ तग धरतात. थोडे खाली उतारावर धावडा, तेंदू, चार आणि बिजा भेटतात. माती खोल आणि पाण्याचा निचरा चांगला असेल तिथे साग सरळ वाढतो; मुळाशी पाणी साचलेले त्याला सोसत नाही. सखल, चिकण मातीत ऐन बळावतो. भेगाळलेल्या काळपट सालीवरून तो लांबूनही ओळखू येतो.

नाल्यात उतरले की चित्र पालटते. अर्जुन, जांभूळ, उंबर आणि करंज दाटी करतात. भर वैशाखात डोंगर उघडे पडतात, तेव्हाही हा पट्टा हिरवा असतो, कारण वाळूखालची ओल मुळांना मिळत राहते. उंबराची फळे वर्षातून अनेकदा येतात. पक्षी, वानरे आणि अस्वले त्यांवर जगतात. मुळे काठ धरून ठेवतात, म्हणून गाळही अडतो.

जंगलाबाहेर पारशिवनी, कामठीकडच्या सपाटीवर शेती येते. बांधांवर मोह, पडीक जमिनीत पळस, काळ्या मातीत बाभूळ. नागपूरच्या आसपास दख्खनचा बेसाल्ट संपून पूर्वेकडे अधिक जुने खडक सुरू होतात. ईशान्येला कान्हाच्या जंगलात तर सागाऐवजी सालवृक्षाचे राज्य आहे. पाऊस आणि माती बदलली की झाडांचा मेळ बदलतो.

या साखळीतला सर्वांत नाजूक दुवा काठाचा. तोतलाडोहच्या जलाशयात नदीकाठचे जुने वन बुडाले. पाणी ओसरल्यावर उघड्या होणाऱ्या गाळपेरावर गवत उगवते आणि चितळांना चारा मिळतो, हे खरे. पण गवताने अर्जुनाची जागा भरून निघत नाही. खाली कन्हानच्या पात्रातून वाळू उपसली जाते, तेव्हा उरलेले काठही ढासळतात.

म्हणून वृक्षलागवड करताना सगळीकडे एकच रोप लावणे थांबवावे. माथ्यावर सालई, निचऱ्याच्या जमिनीत साग, नाल्याकाठी अर्जुन आणि उंबर, असा विचार व्हावा. आणि यंदा पेंचला जाल, तेव्हा वाघ दिसो वा न दिसो, माथ्यापासून नाल्यापर्यंतची झाडे मुलांना नावानिशी दाखवा. ज्या झाडाचे नाव ठाऊक असते, त्याच्यासाठी माणूस उभा राहतो.