‘डिप्लीट’ या क्रियापदाचा योग्य उपयोग

वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांचे इंग्रजी निबंध तपासतांना ‘पुस्तकांच्या किंमती डिप्लीट झाल्या’ अशा अर्थाचें वाक्य आम्हांस पुष्कळदां आढळतें. कोशांत ‘कमी करणें’ एवढाच अर्थ पाहून हा शब्द योजिलेला असतो. परंतु किंमत ‘रिड्यूस’ होते, ‘डिप्लीट’ होत नाहीं. हें असें कां, याचा विचार करूं.

लॅटिन भाषेंत ‘प्लेरे’ म्हणजे भरणें. त्याच्या उलट ‘डेप्लेरे’ म्हणजे भरलेलें रितें करणें. ‘कंप्लीट’ हा शब्द त्याच धातूपासून झाला, आणि आपला ‘पूर्ण’ हा शब्दही त्याच प्राचीन कुळांतला आहे. पूर्वी वैद्य रोग्याचें रक्त काढीत, त्या उपचारासही इंग्रजींत हाच शब्द लावीत असत.

यावरून पहिला नियम असा कीं, ज्याचा सांठा असतो त्यासच हें क्रियापद लावावें. कणगींतील धान्य, विहिरीचें पाणी, जमिनीचा कस, गांठीचा पैसा यांस तें शोभतें. किंमत, वेग किंवा परीक्षेंतील गुण यांस शोभत नाहीं.

दुसरा नियम: हें क्रियापद बहुधा सकर्मक असतें. ‘उंदरांनीं धान्याचा सांठा डिप्लीट केला’ अशी त्याची रचना होय. म्हणजे सांठा कोणी घटविला, हा प्रश्न त्यांत आपोआप येतो.

तिसरा भेद सर्वांत महत्त्वाचा. ‘एक्झॉस्ट’ म्हणजे पार संपविणें. ‘डिप्लीट’ म्हणजे काळजी वाटावी इतकें घटविणें, तथापि कांहीं शिल्लक असणें. कॅनडांतील न्यूफाउंडलंडच्या समुद्रांत कॉड मासा शेंकडों वर्षें विपुल मिळे. अतोनात मासेमारीनें तो सांठा ‘डिप्लीट’ झाला, आणि सन १९९२ मध्यें सरकारास त्या धंद्यावर बंदी घालावी लागली. थोडे मासे उरले होते, म्हणूनच त्यांची वाढ होण्यास अवसर मिळाला. सन २०२४ मध्यें मर्यादित प्रमाणांत मासेमारी पुन्हां खुली झाली. मध्यंतरीं बत्तीस वर्षें लोटलीं!

कणगींत हात खोल घालावा लागला, कीं घरची गृहिणी सावध होते. बूड दिसेपर्यंत ती थांबत नाहीं. हें क्रियापद तीच सूचना देतें. ‘डिप्लीट’ म्हणण्याची वेळ आली असतांना जो सांवरतो, त्यास ‘एक्झॉस्ट’ म्हणावें लागत नाहीं, हें आमच्या विद्यार्थ्यांनीं ध्यानांत ठेवावें.