मेजरची कंबर

आमच्या सातारा जिल्ह्यात फौजेतून परत आलेला प्रत्येक जण 'मेजर' असतो, मग तो शिपाई म्हणून पेन्शनीवर आलेला असो की सुभेदार म्हणून. आणि पन्नाशी उलटलेल्या मेजरांना एकत्र बसवलं की कॅन्टीनच्या भावानंतर दुसरा विषय कंबरेचा निघतो. मी आर्मी मेडिकल कोअरमध्ये नर्सिंग असिस्टंट होतो, हवालदार होऊन बाहेर पडलो. त्यामुळे कुणाची कंबर धरली की तो एमआरआयचं पाकीट काखेत मारून माझ्या ओसरीवर येतो. "दादा, बघा जरा, मणक्यात गॅप आहे म्हणतात." मी डॉक्टर नाही, असं मी सांगतो. ते ऐकून घेतात आणि पाकीट उघडतात.

मी फिल्म बाजूला ठेवतो आणि विचारतो, फौजेत काम काय होतं? गडी चमकतो. दोन-तीन दवाखाने पालथे घालूनही हे त्याला कुणी विचारलेलं नसतं.

माझे एक चुलतमामा बोफोर्सच्या रेजिमेंटमध्ये गनर. १९९९ मध्ये द्रासला होते. त्या तोफेचा १५५ मिलिमीटरचा एक गोळा साधारण ४३ किलोचा. कारगिलच्या लढाईत तोपखान्याने अडीच लाखांहून जास्त गोळे, बॉम्ब आणि रॉकेटं डागली, असं सांगतात. आकडा ऐकून छाती फुगते. पण त्यातला बोफोर्सचा गोळा कुणीतरी वाकून उचलला, दोन पावलं नेला आणि वळून तोफेपाशी दिला, तेही दहा हजार फुटांच्या वर, जिथे नुसतं चढून जायचं तरी दम लागतो. भार, वाकणं आणि वळणं हे तिन्ही एका झटक्यात झालं की कंबरेच्या शेवटच्या दोन चकत्यांवर सगळा ताण येतो. इन्फंट्रीवाल्याच्या कंबरेवर तेच काम पाठीवरचा पिट्टू करतो. ड्रायव्हरला गाडीचे हादरे, पॅराट्रूपरला जमिनीचा दणका. त्यावर निवृत्तीनंतर बँकेच्या दारात बंदूक घेऊन दिवसभर उभं राहायचं.

मग फिल्ममध्ये चकती फुगलेली दिसते यात नवल काय? खरी अडचण इथूनच सुरू होते. चकतीची झीज ज्यांची कंबर कधी दुखली नाही त्यांच्याही फिल्ममध्ये दिसते. २०१५ मध्ये अशा लोकांवरच्या अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा प्रसिद्ध झाला होता. काहीही न दुखणाऱ्या विशीतल्या ३७ टक्के लोकांच्या चकत्या झिजलेल्या होत्या, आणि ऐंशीच्या घरात ते प्रमाण ९६ टक्के. म्हणजे फिल्ममध्ये जे दिसतं तेच दुखतंय, असं धरून चालता येत नाही. माणसाला टेबलावर झोपवून पाय सरळ वर उचलायचा, अंगठ्याची ताकद बघायची, गुडघ्यावर हातोडी मारायची, त्याला चार पावलं चालवायचं, आणि मग फिल्मकडे बघायचं. गर्दीच्या ओपीडीत हा क्रम उलटा होतो.

मामांचं तेच झालं. एमआरआयमध्ये एल-४, एल-५ची चकती फुगलेली, म्हणून पट्टा, गोळ्या, शेक, वजन लावणं. बिचाऱ्यांनी उसण समजून पायाळू माणसाचा पायसुद्धा कंबरेला लावून घेतला. मला खटकत होतं ते वेगळंच. दुखणं जांघेत उतरत होतं आणि जेवायला मांडी घालता येत नव्हती. चपलेत पाय घालताना मामी मदत करायची. शेवटी एका तरुण ऑर्थोपेडिक डॉक्टरने त्यांना उताणं झोपवलं, गुडघा वाकवला आणि पाय आत वळवला. मामा ओरडले. कंबर नव्हे, खुब्याचा सांधा गेला होता. तो बदलला आणि मामा चालायला लागले. मणक्याचं ऑपरेशन आधीच झालं असतं तर चकती गेली असती आणि दुखणं तिथंच राहिलं असतं.

दुसरा आमच्या भावकीतला एक मुलगा, फौजेत असतानाच दुखणं लागलेला. वय पंचविशीचं. पहाटे उठला की कंबर लाकडासारखी, अर्धा-पाऊण तास सरळ होता येत नसे. पीटी झाली की मोकळा. झोपून राहिला की पुन्हा जाम. आता बघा, एमआय रूममध्ये, म्हणजे युनिटच्या दवाखान्यात, हा काय सांगणार? सकाळी सिक रिपोर्टला, म्हणजे आजारी म्हणून दाखवायला, यायचा आणि संध्याकाळी व्हॉलीबॉल खेळताना दिसायचा. सगळ्यांनी ठरवून टाकलं, कामचुकार आहे. खरं तर हे वर्णन अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिसचं आहे. या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच मणक्यांच्या आणि माकडहाडाजवळच्या सांध्यांवर उलटते. तो बहुधा पंचेचाळिशीच्या आत सुरू होतो, विश्रांतीने वाढतो, हालचालीने कमी होतो. एचएलए-बी २७ नावाची रक्ततपासणी मदत करते, पण एकटीने निकाल देत नाही. वेळेवर औषध नाही मिळालं तर मणके एकमेकांना जुळून पाठ कायमची ताठ होते. ज्या लक्षणावरून आजार ओळखायचा, त्याच लक्षणाने पोरगा खोटारडा ठरला. जगभर या आजाराचं निदान वर्षानुवर्षं लांबतं, पण वर्दीत ते लांबायला हे आणखी एक कारण.

एमआय रूमची रीतच तशी. कंबरेला जखम नसते, प्लास्टर नसतं, रक्त नसतं. खडकीत पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर आहे, १९७४ पासूनचं. तिथे मज्जारज्जूला इजा झालेले जवान व्हीलचेअरवर असतात आणि त्यांच्याकडे बघून कुणी शंका काढत नाही. नुसती कंबर दुखणाऱ्याला मात्र 'एम अँड डी', म्हणजे गोळी घ्या आणि ड्युटीवर जा. मग जवान शहाणा होतो. सिक रिपोर्टला जातच नाही. बाजारातून गोळ्या आणतो, मित्राकडून मलम घेतो. नोंद कुठेच होत नाही.

ही न झालेली नोंद निवृत्तीच्या वेळी समोर येते. रिलीज मेडिकल बोर्ड दोन गोष्टी ठरवतं. अपंगत्व किती टक्के, आणि ते सेवेमुळे झालं किंवा सेवेने वाढलं का. किमान २० टक्के आणि सेवेशी संबंध, दोन्ही जुळलं तरच अपंगत्वाची पेन्शन. कागदावर काहीच नसेल तर कंबरेला 'वयोमानाने झीज' म्हणणं सगळ्यात सोपं. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये धरमवीर सिंग यांच्या खटल्यात जवानाच्या बाजूने मोठा आधार दिला: भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल, तर तो तेव्हा धडधाकट होता असं धरायचं आणि आजार सेवेमुळे नाही हे सिद्ध करण्याचं ओझं सरकारवर. २०१४ च्या राम अवतार निकालाने ५० टक्क्यांखालचं अपंगत्व ५० धरण्याचा मार्ग मोकळा झाला. २०२३ मध्ये नियम पुन्हा बदलले, म्हणून आपण कोणत्या तारखेला बाहेर पडलो ते आधी बघावं. पेन्शन नाकारली आणि अपीलही फेटाळलं तर सशस्त्र दल न्यायाधिकरण आहे, त्याचं खंडपीठ मुंबईला. पण न्यायाधिकरणासमोरही शेवटी कागदच लागतो. एकदा झालेला सिक रिपोर्ट, पडल्याचा इंज्युरी रिपोर्ट, एखादं हॉस्पिटलचं डिस्चार्ज कार्ड.

उपचारांसाठी २००३ पासून माजी सैनिकांची ईसीएचएस योजना आहे. पॉलिक्लिनिकचा डॉक्टर रेफर करतो, मग यादीतल्या खासगी हॉस्पिटलात तज्ज्ञ बघतात. योजना चांगली आहे, माझ्या घरातली ऑपरेशनं तिच्यावरच झाली. पण ज्याला कंबरेमुळे बसवत नाही त्यालाच एसटीने तालुक्याला, तिथून शहराला आणि तपासणीच्या कागदासाठी पुन्हा मागे जावं लागतं, तेव्हा माणूस मधूनच पट्टा बांधून घरी बसतो. काही वेळा मात्र हा फेरा करायचाच नसतो. लघवी अचानक अडली किंवा नकळत होऊ लागली, बसायच्या जागेला बधिरपणा आला, पाऊल लोंबायला लागलं, तर रेफरलची वाट न बघता त्याच रात्री हॉस्पिटल गाठायचं. तातडीच्या वेळी ईसीएचएसमध्ये रेफरल लागत नाही, मागून कळवता येतं. ताप, वजन घटणं आणि रात्री वाढणारी पाठदुखी असेल तर मणक्याचा क्षय आहे का ते तपासून घ्यायचं. आपल्याकडे तो अजून आहे.

गावातली पोरं सुट्टीवर आली की मी त्यांना एवढंच सांगतो: कंबर धरली तर सिक रिपोर्टला जा आणि नोंद करून घे. परवा एक जण म्हणाला, "दादा, नोंद झाली की मेडिकल कॅटेगरी लागणार. नाईकचं प्रमोशन अडणार, यूएन मिशन जाणार. मग?" त्याचं खोटं नाही. कॅटेगरीने यातलं बरंच काही खरोखर अडतं, आणि त्याच्या घरी बहिणीचं लग्न ठरलंय. मी त्याला मामांची फाइल दाखवली. त्याने ती चाळली, परत दिली आणि विचारलं, की कॅन्टीनमध्ये तो दुखण्यावरचा स्प्रे मिळतो का.