खजूर, घोटभर पाणी आणि आतड्याचे दार

मगरिबची अजान होते आणि जालन्यात सदर बाजारापासून कदराबादपर्यंत घरोघरी हात आधी खजुराकडे जातो. मग पाणी. त्यानंतर मोसंबीच्या फोडी, भजी, उकडलेले हरभरे, सरबत. बदनापूर, अंबड, घनसावंगीच्या बागांमधली मोसंबी नसेल तर इथले दस्तरखान अपुरे वाटते. हजरत अनस (रजि.) यांच्या कथनानुसार हजरत मुहम्मद पैगंबर (स.) नमाजेआधी ताज्या खजुराने रोजा सोडत, तो नसला तर सुक्या खजुराने, तोही नसला तर पाण्याच्या काही घोटांनी. रोजेदार ही सुन्नत म्हणून पाळतात आणि तिला प्रयोगशाळेच्या शिक्क्याची गरज नाही. पण तेरा-चौदा तास उपाशी असलेल्या पोटात त्या खजुराचे पुढे काय होते, हे कळले तर इफ्तार कशी करावी आणि घरातल्या मधुमेही रोजेदाराला कसे सांभाळावे, हेही कळते.

साखर रक्तात जाते ती मुख्यतः लहान आतड्यातून. आतड्याचे आतले अस्तर मखमलीसारखे असते. त्यावर बारीक अंकुर आणि त्या अंकुरांवरच्या प्रत्येक पेशीच्या टोकाला ब्रशच्या केसांसारखी झालर. हे सगळे पसरले तर टेनिसच्या मैदानाएवढे होईल, असे पुस्तकांत अनेक वर्षे छापले जात होते. २०१४ मध्ये स्वीडनच्या संशोधकांनी नीट मोजले, तेव्हा ते सुमारे तीस चौरस मीटर, म्हणजे सव्वातीनशे चौरस फूट भरले. एका छोट्या घराएवढे! या पेशी तीन ते पाच दिवसांत झडतात आणि नव्या येतात. म्हणजे रमजानच्या चंद्रापासून ईदच्या चंद्रापर्यंत आतड्याचे अस्तर सहा-सात वेळा तरी नवे होते.

पेशीचे पटल स्निग्ध पदार्थाचे, दुहेरी थराचे असते. साखर पाण्यात विरघळते, तेलात नाही. त्यामुळे ती या पटलातून आपोआप आत शिरू शकत नाही. तिला दारे लागतात. ही दारे प्रथिनांची असतात आणि सगळ्या साखरांचे दार एकच नसते.

ग्लुकोजच्या मुख्य दाराचा नियम मोठा गमतीचा आहे. ग्लुकोजचा एक रेणू आत जायचा तर त्याच्यासोबत सोडियमचे दोन कण हवेत. सोडियम म्हणजे मिठातला अर्धा भाग. एकट्या ग्लुकोजला हे दार आत घेत नाही. पेशीच्या मागच्या बाजूला एक पंप रात्रंदिवस सोडियम बाहेर उपसत असतो. त्यामुळे पेशीत सोडियम कमी राहते, बाहेरचे सोडियम आत घुसायला बघते आणि जाताना ग्लुकोजला ओढून नेते. मग मागच्या दुसऱ्या दाराने ग्लुकोज रक्तात उतरते आणि या दोघांच्या मागोमाग पाणीही शोषले जाते. फळांतल्या फ्रुक्टोजचे दार निराळे. त्याला सोडियम लागत नाही, पण तिथली चालही संथ.

घरातली साधी साखर ही ग्लुकोज आणि फ्रुक्टोज यांची जोडी. ती अखंड असेपर्यंत कोणतेच दार उघडत नाही. झालरीवर बसलेले एक पाचकद्रव्य आधी ती जोडी तोडते, मग दोघे आपापल्या दाराने जातात. पिकलेल्या बहुतेक खजुरांमध्ये ही तोडफोड झाडावरच झालेली असते. वजनाच्या साठ टक्क्यांहून जास्त साखर, आणि तीही बरीचशी सुट्या ग्लुकोज-फ्रुक्टोजच्या रूपात. दोन-तीन खजूर आणि पाणी घेऊन मगरिबची नमाज अदा करेपर्यंत त्यातले ग्लुकोज रक्तात पोहोचू लागते. नमाजेनंतर जेवायला बसणारा माणूस अधाशासारखा जेवत नाही, त्यात या वेळेचाही वाटा आहे. लागणारे सोडियम पाचकरसांतून आतड्यात येतच असते, त्यामुळे निरोगी माणसाने खजुराला मीठ लावायची गरज नाही.

घाम गाळणाऱ्याची गोष्ट वेगळी. जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत सळया तयार करणाऱ्या कारखान्यांत भट्टीसमोर उभे राहणारे रोजेदार आहेत, मार्चच्या उन्हात बागेत राबणारे आहेत. त्यांच्या घामातून पाण्याबरोबर मीठही गेलेले असते. तहान फार म्हणून ते पेल्यामागून पेला गोड सरबत पितात आणि पोट जड होते. एका पेल्यात चार छोटे चमचे साखर म्हणजे लिटरला वीस चमचे. घरगुती जलसंजीवनीचे माप लिटरभर स्वच्छ पाण्याला सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा छोटा चमचा मीठ, एवढेच आहे. फार दाट गोड पाणी आतड्यात आले की ते पातळ करायला शरीरातलेच पाणी आधी आतड्यात खेचले जाते. अशा कष्टकऱ्याला पातळ लिंबूपाणी, त्यात चिमूटभर मीठ, हे जास्त उपयोगी. रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर मिठाबाबत डॉक्टरांचा शब्द अखेरचा.

जलसंजीवनीमागे हेच दार आहे. ऑगस्ट १९६० मध्ये प्राग शहरातल्या परिषदेत रॉबर्ट क्रेन यांनी ग्लुकोज आणि सोडियम एकत्र आत जातात, ही कल्पना मांडली. १९७१ मध्ये बांगलादेश युद्धाच्या वेळी पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला, सलाईन संपत आले. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचे पाणी ड्रमातून वाटले, रुग्णांच्या नातेवाइकांनीच ते पाजले. मृत्यूंचे प्रमाण सुमारे तीस टक्क्यांवरून चार टक्क्यांच्या खाली आले. २०२२ मध्ये त्यांचे निधन झाले, पुढच्या वर्षी मरणोत्तर पद्मविभूषण मिळाले. एवढ्या मोठ्या कामाची दखल फारच उशिरा घेतली गेली.

आता मधुमेही रोजेदार. मधुमेहाच्या काही गोळ्या, उदाहरणार्थ व्होग्लिबोज आणि अकार्बोज, आतड्याच्या झालरीवरचे ते जोडी तोडणारे पाचकद्रव्यच रोखतात. जेवणातली साखर हळूहळू रक्तात यावी, हा हेतू. एकट्या या गोळीने साखर सहसा फार खाली जात नाही. पण ती अनेकदा ग्लिमेपिराइडसारख्या दुसऱ्या औषधासोबत एकाच गोळीत असते आणि ते औषध साखर खाली आणू शकते. इफ्तारला अशी गोळी घेतली, जेवण मात्र थोडेच झाले, आणि तरावीहमध्ये घाम फुटला, हात थरथरले, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर घरचे लोक काय करतात? साखरपाणी पाजतात. नेमकी तीच साखर त्या वेळी तुटत नाही, फार सावकाश शोषली जाते. अशा वेळी औषधाच्या दुकानात मिळणारी ग्लुकोज पावडर पाण्यातून द्यायची. ग्लुकोजला तुटण्याची गरजच नसते. त्याचे दार ही गोळी बंद करत नाही. रुग्ण बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही न घालता थेट दवाखाना.

बोटातून थेंबभर रक्त काढून साखर तपासल्याने रोजा तुटत नाही, असेच उलेमांचे आणि मधुमेहतज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूचनांचे सांगणे आहे. साखर ७० च्या खाली किंवा ३०० च्या वर गेली तर रोजा तिथेच सोडावा, मग अजानला दहा मिनिटे उरलेली असोत. आजाऱ्याला सुटलेले रोजे नंतर पूर्ण करण्याची मुभा खुद्द कुरआनच्या सूरह बकरामध्ये आहे. गोळ्यांच्या वेळा आणि मात्रा मात्र स्वतःच्या मनाने बदलू नयेत. आणि ग्लुकोजचा छोटा डबा मशिदीत जाणाऱ्या मधुमेही वडिलांच्या खिशात मावतो.