फ्रेंचची दुसरी पायरी, मराठीचा आधार
भूतकाळ, इच्छार्थ आणि अनुनासिक उच्चार यांसाठी इंग्रजीपेक्षा मातृभाषा अधिक उपयोगी

मालवण : पॅरिस येथे जुलै २०२५ मध्ये झालेल्या जागतिक वारसा समितीच्या ४७ व्या अधिवेशनात मराठ्यांच्या बारा किल्ल्यांचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला. त्यांत सिंधुदुर्ग आणि विजयदुर्ग हे या जिल्ह्यातील दोन जलदुर्ग आहेत. समितीचे कामकाज इंग्रजी आणि फ्रेंच या दोन भाषांतून चालते. १९९७ मध्ये पर्यटन जिल्हा म्हणून घोषित झालेल्या सिंधुदुर्गात फ्रेंच शिकण्यास त्यामुळे आणखी एक निमित्त मिळाले आहे.

मात्र 'बोंझूर' आणि 'मेर्सी' एवढ्या भांडवलावर पाहुण्याचे स्वागत होते, त्याला किल्ल्याचा इतिहास सांगता येत नाही. समुद्रात ओढ आहे, आत जाऊ नका, हेही समजावता येत नाही. युरोपीय भाषा-चौकटीत ए-१ ते सी-२ अशा सहा पातळ्या आहेत. अनेक विद्यार्थी ए-२ पर्यंत येतात आणि तेथेच अडकतात. याचे एक कारण शिकण्याच्या वाटेत आहे. मराठी विद्यार्थी फ्रेंच वाक्य आधी इंग्रजीत नेतो आणि मग समजून घेतो. पुढच्या पायरीवरील जे नियम त्याला अवघड वाटतात, त्यांतील काहींचे मूळ तत्त्व मराठीत आहे. इंग्रजीत ते नाही.

दोन भूतकाळ

फ्रेंच बोलण्यात भूतकाळाची दोन मुख्य रूपे येतात. घडून संपलेल्या घटनेसाठी 'पासे कोंपोझे' आणि पूर्वीची स्थिती किंवा सवय सांगण्यासाठी 'अँपार्फे'. इंग्रजीत दोन्हींकडे बहुधा एकच क्रियापद चालते, म्हणून विद्यार्थी गोंधळतो. मराठीत 'काल आम्ही किनाऱ्यावर गेलो' आणि 'लहानपणी आम्ही किनाऱ्यावर जात असू' यांची गल्लत कोणी करत नाही. हाच भेद किल्ला दाखविताना लागतो. शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये बांधकामास प्रारंभ केला, ही घटना. दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या विहिरींतून गडकऱ्यांना गोडे पाणी मिळत असे, ही स्थिती. पहिल्या वाक्यास पासे कोंपोझे, दुसऱ्यास अँपार्फे.

लिहिला, लिहिली

'मी शब्द लिहिला', पण 'मी चिठ्ठी लिहिली'. येथे लिहिणारा तोच. क्रियापद कर्माप्रमाणे बदलले. फ्रेंचमध्ये असेच घडते, पण एका अटीवर: कर्म क्रियापदाच्या आधी यावे लागते. 'मी लिहिलेली चिठ्ठी' या अर्थाच्या 'ला लेत्र क झे एक्रीत' या रचनेत 'एक्री'चे 'एक्रीत' होते. 'झे एक्री युन लेत्र' या साध्या वाक्यात कर्म मागे असल्याने रूप बदलत नाही. जाणे, येणे, मरणे अशी काही क्रियापदे मात्र कर्त्याप्रमाणे चालतात. 'तो मेला' म्हणजे 'ईल ए मोर', 'ती मेली' म्हणजे 'एल ए मोर्त'. मराठीतील कर्तरी आणि कर्मणी प्रयोग शाळेत शिकलेल्यास हे नियम परके वाटू नयेत.

'वे'चे काम

'सुब्झोंक्तिफ' हा बी-१ पातळीवरचा मोठा धसका. 'तू येतोस हे मला ठाऊक आहे' आणि 'तू यावेस अशी माझी इच्छा आहे' यांत 'येतोस'चे 'यावेस' होते. फ्रेंचमध्ये पहिल्या वाक्यात 'त्यू व्यँ' आणि दुसऱ्यात 'त्यू व्येन' येते. इच्छा, गरज किंवा भावना सांगणाऱ्या शब्दांनंतर बहुधा हे रूप लागते, इतके ध्यानात ठेवले तरी बरीच वाक्ये सुटतात. 'व्यँ'मधील नाकातला स्वर प्रमाण मराठी बोलणाऱ्यास प्रयत्नाने साधावा लागतो. मालवणी बोलीत 'ह्यां', 'केळां' अशा शब्दांतून अनुनासिक स्वर टिकून आहेत. शहरात ज्या हेलाची थट्टा होते, तोच येथे उपयोगी पडतो.

मराठी कोठे फसवते

'समुद्र शांत असता, तर होडी सुटली असती' या वाक्याचे दोन्ही भाग मराठीत एकाच घाटाचे आहेत. फ्रेंचमध्ये 'सी' म्हणजे 'जर' असलेल्या भागात संकेतार्थाचे रूप चालत नाही. तेथे भूतकाळाचे रूप येते आणि संकेतार्थ फक्त दुसऱ्या भागात. लिंगाबाबतही मराठीवर विसंबता येत नाही. आपला समुद्र पुल्लिंगी, फ्रेंच 'मेर' स्त्रीलिंगी. आपली होडी स्त्रीलिंगी, फ्रेंच 'बातो' पुल्लिंगी. 'आझ'ने संपणारी नामे बहुधा पुल्लिंगी असतात. पण समुद्रकिनारा म्हणजे 'प्लाझ' नेमका अपवाद, स्त्रीलिंगी. म्हणून प्रत्येक नाम 'ल' किंवा 'ला' यासह पाठ करणे हाच उपाय.

शब्द कसे वाढवावेत

सुटे शब्द घोकण्यापेक्षा एका विषयाचे शब्द एकत्र घ्यावेत. 'मारे ओत' म्हणजे भरती, 'मारे बास' म्हणजे ओहोटी, 'कुराँ' म्हणजे प्रवाह, 'क्रव्हेत' म्हणजे कोळंबी, 'प्लोंझे' म्हणजे पाण्याखाली बुडी. 'अननस', 'काजू', 'पपई' हे शब्द पोर्तुगीजांमार्फत मराठीत आले. फ्रेंचमध्येही 'आनानास', 'काझू', 'पापाय' आहेत. ओळखीच्या इंग्रजी शब्दांपासून मात्र सावध राहावे. फ्रेंच 'लोकास्यों' म्हणजे ठिकाण नव्हे, भाडे. 'लिब्रेरी' म्हणजे ग्रंथालय नव्हे, पुस्तकांचे दुकान. 'पेशर' या शब्दातील 'ए'वरचे चिन्ह बदलले, की मच्छीमाराचा पापी होतो.

कानाच्या सरावासाठी फ्रान्सच्या आंतरराष्ट्रीय रेडिओचे सोप्या फ्रेंचमधील दहा मिनिटांचे बातमीपत्र उपयुक्त आहे. प्रगती तपासण्यासाठी 'डेल्फ' परीक्षा असते. ऐकणे, वाचणे, लिहिणे आणि बोलणे यांना प्रत्येकी २५ गुण. उत्तीर्ण होण्यास एकूण ५० आणि प्रत्येक भागात किमान ५ आवश्यक. प्रमाणपत्राला मुदत नसते. केवळ व्याकरण पाठ करून एखाद्या भागात पाचाच्या खाली गेल्यास बाकीचे गुण वाया जातात. म्हणून पहिल्या दिवसापासून बोलण्याचा सराव हवा, आणि वाक्य अडले की आधी ते मराठीत कसे म्हणतो, हे पाहावे.