दिवसाची झापड आणि जागं ठेवणारी गोळी

मॉडाफिनिल हे औषध मूळचं फ्रान्सचं. दिवसा अनावर झोप आणणाऱ्या नार्कोलेप्सी या आजारासाठी अमेरिकेत त्याला 1998 मध्ये मान्यता मिळाली. पुढे घोरण्याच्या आजारातली उरलेली झापड आणि रात्रपाळीमुळे बिघडलेली झोप यांसाठीही ते चालेल असं तिथल्या औषध प्रशासनाने ठरवलं. युरोपच्या नियामकांनी मात्र 2010 मध्ये सगळा हिशेब पुन्हा मांडला आणि वापर फक्त नार्कोलेप्सीपुरता ठेवला, कारण बाकीच्या ठिकाणी फायद्यापेक्षा धोका जड वाटला. दोन जाणत्या संस्थांचं ज्या औषधावर एकमत नाही, ते आपण मित्राच्या पाकिटातून मागून घेतो, तेव्हा काही समज आधी तपासून घेतलेले बरे.

‘दिवसा झोप येते ना, मग झोप उडवणारी गोळी घे’

दिवसाची झापड हा आजार नव्हे, लक्षण आहे. तापावर पॅरासिटामॉल घेतली की ताप उतरतो, पण मलेरिया होता तिथेच राहतो, तसंच हे. सगळ्यात मोठं कारण अगदी साधं असतं: माणूस झोपतच नाही. बारा-साडेबारापर्यंत मोबाइल, पहाटे साडेपाचला मुलांचा डबा. मग येतात सर्दीच्या आणि खाजेच्या काही गोळ्या, फिट्सची औषधं, थायरॉइडची कमतरता, नैराश्य. याच्या पुढे घोरणं आणि नार्कोलेप्सी.

डॉक्टर बऱ्याचदा एक छोटी प्रश्नावली देतात. मेलबर्नच्या एपवर्थ रुग्णालयात मरे जॉन्स यांनी ती तयार केली आणि 1991 मध्ये प्रसिद्ध केली. वाचताना, टीव्ही बघताना, सिग्नलला गाडी थांबलेली असताना डुलकी लागण्याची शक्यता किती, अशा आठ प्रसंगांना 0 ते 3 गुण द्यायचे. एकूण 24 पैकी 10 च्या वर गेलात तर तपासणी हवी. यातला एक प्रसंग आहे दुपारच्या जेवणानंतर शांत बसण्याचा. वामकुक्षीला इतका मान असलेल्या आपल्या घरांत त्याला बरेच जण बिनदिक्कत पूर्ण 3 गुण देतील. तेवढ्याने घाबरू नये. सिग्नलच्या प्रश्नाला 3 गुण पडले तर मात्र घाबरावं.

‘घोरतोय म्हणजे गाढ झोपलाय’

हा समज घरोघरी आहे आणि सगळ्यांत घातकही. मोठ्याने घोरणारा माणूस मधेच एकदम गप्प होतो, मग दचकून श्वास घेतो. त्या गप्प क्षणांत घसा मिटलेला असतो आणि रक्तातला प्राणवायू घसरत असतो. मेंदू त्याला पुन्हा पुन्हा अर्धवट जागं करतो, पण सकाळी त्याला यातलं काहीच आठवत नाही. त्याच्या मते आठ तास झोप झालेली असते. याला स्लीप ॲप्निया म्हणतात. रात्रभराच्या तपासणीत असे अडथळे तासाला 30 किंवा अधिक दिसले तर आजार तीव्र समजतात.

इथे पहिला उपाय म्हणजे वजन कमी करणं, दारू बंद करणं आणि गरज असेल तर सीपॅप यंत्र. ते मास्कमधून नाकावाटे हवेचा दाब देऊन घसा उघडा ठेवतं. यंत्र नीट वापरूनही झापड उरली, तरच गोळीचा विचार होतो. मास्क नको म्हणून नुसती गोळी घेणारा माणूस दिवसा टवटवीत दिसतो, पण रात्री त्याचा श्वास तसाच थांबत राहतो, रक्तदाब तसाच चढतो. उलट आता तो तक्रारही करत नाही, त्यामुळे घरच्यांनाही वाटतं की सगळं ठीक झालं.

‘गोळी घेतली की झोप पूर्ण उडते, गाडी चालवायला हरकत नाही’

2005 मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये रात्रपाळीच्या कामगारांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. रात्रपाळीने झोप बिघडलेल्या 209 जणांपैकी काहींना मॉडाफिनिल, तर काहींना औषधासारखीच दिसणारी बिनऔषधी गोळी दिली. अंधाऱ्या खोलीत आडवं झाल्यावर किती वेळात झोप लागते हे मोजलं. औषध घेण्याआधी सरासरी 2.1 मिनिटं लागत होती, औषधाने ती 3.8 झाली. नीट झोपलेल्या निरोगी माणसाला दिवसा अशी झोप लागायला साधारण 10 मिनिटांहून जास्त लागतात. म्हणजे फरक पडला हे खरं, पण माणूस झोपेच्या उंबरठ्यावरच राहिला.

घरी परतताना अपघात किंवा थोडक्यात टळलेला अपघात झाल्याचं बिनऔषधी गोळीवाल्यांपैकी 54 टक्क्यांनी सांगितलं, औषधवाल्यांपैकी 29 टक्क्यांनी. ही घट छोटी नाही. तरी औषध घेऊनही शंभरात 29 हा आकडा मी एक्सप्रेसवेवर पहाटे चार वाजता समोरून येणाऱ्या ट्रकला लावून बघतो, आणि मला तो फार मोठा वाटतो. औषध सुरू केल्यावर आपल्यावर त्याचा परिणाम कसा होतो हे कळेपर्यंत स्टिअरिंग हाती घेऊ नये. त्यानंतरही जांभया येऊ लागल्या, लेन सुटू लागली तर गाडी बाजूला घेऊन पंधरा-वीस मिनिटं झोपावं. त्याला पर्याय नाही.

‘अभ्यासासाठी चालते, हुशार लोक घेतात’

स्पर्धा परीक्षांच्या मुलांना ही गोळी खुणावते यात नवल नाही. निरोगी माणसाला तिचा फायदा थोडासाच आणि ठरावीक कामांपुरता होतो. जागरण झालेल्या माणसांवरच्या एका प्रयोगात मॉडाफिनिल घेणाऱ्यांना आपलं काम प्रत्यक्षापेक्षा चांगलं झाल्यासारखं वाटलं. परीक्षार्थ्याच्या दृष्टीने याहून वाईट सौदा कोणता? पेपर तसाच, फक्त बाहेर येताना छाती फुगलेली. शिवाय जे वाचलं ते पक्कं बसतं ते झोपेतच, आणि या गोळीने पहिला बळी जातो तो झोपेचा.

‘सवय लागत नाही’ हेही अर्धसत्य आहे. ॲम्फेटामिनच्या तुलनेत धोका कमी, एवढंच म्हणता येतं. 2009 मध्ये नोरा व्होल्को आणि सहकाऱ्यांनी 10 निरोगी पुरुषांच्या मेंदूचं स्कॅनिंग केलं, तेव्हा व्यसनांशी जोडलेल्या भागातही या औषधाने डोपामिन वाढलेलं दिसलं. अमेरिकेत ते नियंत्रित पदार्थांच्या यादीत आहे. त्यामुळे तिकडे शिकणाऱ्या भाच्याला इथून पार्सलमध्ये चार पाकिटं सरकवून देणं म्हणजे त्याला अडचणीत टाकणं. खेळाडूंनी तर नावही काढू नये. 2003 च्या पॅरिस जागतिक स्पर्धेत 100 आणि 200 मीटर जिंकलेल्या धावपटू केली व्हाइटची दोन्ही सुवर्णपदकं या औषधापायी गेली.

‘दुपारी पेंग आली तर आणखी एक’

शरीरातलं औषध निम्मं व्हायला साधारण 12 ते 15 तास लागतात. दुपारी दोनला घेतलेली गोळी पहाटे दोनलाही निम्मी किंवा त्याहून जास्त अंगात असते. मग रात्री झोप नाही, दुसऱ्या दिवशी आणखी पेंग, आणखी गोळी. म्हणून नेहमीची वेळ सकाळची. रात्रपाळीसाठी सांगितली असेल तर पाळीच्या तासभर आधी. सकाळची गोळी विसरली तर त्या दिवशी सोडून द्यावी.

‘माझ्या इतर गोळ्यांशी तिचा काय संबंध?’

हा भाग डॉक्टरही कधी घाईत विसरतात, म्हणून सविस्तर. ही गोळी यकृतातल्या काही एन्झाइमना जास्त कामाला लावते आणि काहींना मंद करते. त्यामुळे माला-डीसारख्या गर्भनिरोधक गोळ्यांचं संप्रेरक लवकर मोडून जातं आणि संरक्षण कमकुवत होतं. हे औषध चालू असताना, आणि बंद केल्यावरही एक ते दोन महिने, निरोध किंवा कॉपर-टी असा वेगळा उपाय लागतो. गरोदरपणात ते टाळावं, कारण 2019 मध्ये बाळांमधल्या जन्मजात दोषांचा इशारा पुढे आला. गर्भधारणेचा विचार असेल तर आधीच डॉक्टरांशी बोलावं. फिट्सची फेनिटॉइन, रक्त पातळ करणारी वॉरफरिन, मूत्रपिंड बदलल्यावर दिली जाणारी सायक्लोस्पोरिन यांचं गणितही बदलतं. अंगावर पुरळ उठलं, तोंडात फोड आले, डोळे-ओठ सुजले, तर पुढची गोळी न घेता त्याच दिवशी दवाखाना गाठावा. क्वचित होणाऱ्या या प्रकारात जिवावर बेतू शकतं. पूर्वी मनोविकार झाला असेल, छातीत धडधड किंवा हृदयाचा त्रास असेल, तर ते लपवू नये. नव्याने भ्रम, टोकाची अस्वस्थता किंवा जीव देण्याचे विचार आले तरी औषध थांबवून लगेच डॉक्टरांना सांगावं.

‘असली औषधं घ्यायचीच नाहीत, आळस झटकला की झालं’

हा उलट टोकाचा समज मला जास्त निर्दय वाटतो. नार्कोलेप्सीच्या मुख्य प्रकारात मेंदूतल्या जागेपण टिकवणाऱ्या हायपोक्रेटिन या रसायनाच्या पेशीच नष्ट झालेल्या असतात. आजार बहुधा किशोरवयात सुरू होतो. मुलगी वर्गात झोपते, जोरात हसली की गुडघे लटके पडतात, आणि घरात तिचं नाव पडतं कुंभकर्ण. निदानापर्यंत कित्येक वर्षं जातात. रात्रभराची झोपतपासणी आणि दुसऱ्या दिवशी दर दोन तासांनी डुलक्यांची चाचणी झाल्यावर ते होतं. अशा रुग्णाला हे औषध मुळापासून बरं करत नाही, हसताना गळून जाण्यावरही ते चालत नाही, त्याला वेगळी औषधं लागतात. पण ठरलेल्या वेळच्या दोन छोट्या डुलक्या आणि सकाळची गोळी यांवर ती कॉलेज पूर्ण करू शकते, नोकरी करू शकते. तिच्यासाठी ही गोळी चैन नाही. डॉक्टरांकडे जाताना दोन आठवड्यांची झोपेची नोंद, चालू असलेल्या सगळ्या औषधांची पाकिटं आणि रात्री शेजारी झोपणारं माणूस, तिन्ही सोबत न्यावीत. श्वास थांबतो का, हे त्या तिसऱ्यालाच माहीत असतं.